साडूचा चंद्र

चित्राखाली कविता लटकवणाऱ्या माणसाला जेवायला बोलवावं, ताट मांडावं आणि ताटात नुसतं जेवणाचं वर्णन वाढावं, असं मास्तरांचं मत होतं. हे मत ते कुठंही, कुणापुढंही बोलून दाखवत. अडचण एवढीच की असा एक माणूस त्यांच्याच घरी जेवायला येई आणि वर्णन नव्हे, दोनदा भाजी मागून घेई. तो त्यांचा साडू होता.

साडू हे नातंच चमत्कारिक. भाऊ आपण निवडत नाही हे खरं, पण साडू तर बायकोच्या बहिणीनं निवडून आपल्या गळ्यात मारलेला असतो. मास्तरांचं लग्न थोरलीशी झालं तेव्हा सासरी ते एकुलते जावई होते. शाळेत चित्रकला शिकवणारा, ताठ मानेनं चालणारा, मोजकं बोलणारा जावई. सासरेबुवा चारचौघांत त्यांची ओळख 'आमचे आर्टिस्ट' अशी करून देत. मग धाकटीचं लग्न झालं आणि पाणीपुरवठा खात्यातला हा साहेब घरात शिरला. नळजोडणीचे अर्ज अडवायचे हे त्याचं काम आणि कविता करायची ही त्याची खोड. पहिल्याच भेटीत त्यानं सासूबाईंनी भरलेल्या उशीच्या अभ्र्यावरच्या मोरावर चार ओळी म्हटल्या. सासूबाई डोळे पुसत आत गेल्या. तेव्हापासून 'आमचे आर्टिस्ट' तो झाला, आणि मास्तर नुसते 'मास्तर' उरले.

साडूला स्वतःहून काही सुचत नसे, हे तो स्वतःच कौतुकानं सांगे. त्याला समोर चित्र लागे. कॅलेंडर असो, बिस्किटांचा डबा असो, दवाखान्यातला हसऱ्या बाळाचा फोटो असो. धूळ नाकात गेली की काहींना शिंक येते, तशी चित्र डोळ्यांत गेलं की साडूला कविता येई. आणि शिंकेसारखीच ती शेजारच्याच्या अंगावर येई.

मास्तरांचा राग कवितेवर नव्हता. म्हणजे कवितेवरही होता, पण खरा राग असा की हा गृहस्थ चित्राकडे बघतच नसे. चित्रापुढं यायचा, खिशातून मोबाईल काढायचा, फोटो मारायचा आणि पुढं सरकायचा.

"बघितलंत?" मास्तर विचारायचे.

"घरी निवांत बघतो की."

"समोर आहे तेव्हा बघायचं नाही आणि घरी जाऊन फोटो बघायचा?"

"साडूभाऊ, चित्र आपोआप बोलतं. आपण फक्त ऐकायचं."

"चित्र बोलत नाही, कविराज. गप्प बसतं म्हणून तर ते चित्र. बडबडणारे त्याच्या पुढ्यात उभे असतात."

साडू यावर खळखळून हसे. अपमान कळण्याइतकी लाज त्याला देवानं दिली नव्हती, असं मास्तर म्हणत.

मास्तर तसे सगळ्यांनाच पाण्यात पाहत. शाळेतली पोरं त्यांच्या लेखी मेंढरं होती, कारण ती सूर्य कोपऱ्यात काढून त्याला दांडे लावत. हेडमास्तर अडाणी, कारण त्यांना चित्रकलेचा मास्तर म्हणजे समारंभाच्या पाट्या रंगवणारा फुकटचा पेंटर वाटे. सहकारी तर हिशेबात धरण्यालायकही नव्हते. एकाच गोष्टीपुढं मास्तर नमत, ती म्हणजे कोरा कागद. त्यांचं काम जलरंगाचं, आणि जलरंगात पांढरा रंग वापरणं त्यांच्या लेखी चोरी होती. वर्गात एखाद्या पोरानं पांढऱ्या रंगाच्या ट्यूबला हात लावला की मास्तर गरजत, "ठेव ती खाली! पांढरं म्हणजे कागद. जिथं पांढरं हवंय तिथं हात आवर!" पोरांना यातलं काही कळत नसे. आवरायला सांगितलेला हात ती खिशात घालत.

त्या आवरलेल्या हाताचं फळ म्हणजे भिंतीचं चित्र.

मास्तरांच्या खिडकीसमोर एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत होती. चुन्याची, पापुद्रे सुटलेली, अंगावर वरून खाली आलेला एक लोखंडी पाइप. दिवसभर त्या भिंतीकडं कुत्रंही बघत नसे. पण ऐन दुपारी, ऊन डोक्यावर आलं की पाइपाची सावली पाइपाच्याच पोटाखाली दडे आणि घटकाभर ती सगळी भिंत अशी पांढरी होई की डोळे मिटून घ्यावेत. मास्तरांना ते पांढरं हवं होतं. रंग न लावता हवं होतं. कडेनं आभाळाचा एक फिका हात, पाइपाला थोडा गंज, पापुद्र्यांच्या कडा, आणि बाकी निव्वळ कागद. वर्षानुवर्षं त्यांनी कागद फाडले. एक हात जास्त झाला की दुपारची सकाळ व्हायची, एक कमी झाला की भिंतच नाहीशी व्हायची. आणि नोकरीतल्या शेवटच्या उन्हाळी सुट्टीत ते जमलं. चित्र वाळल्यावर मास्तर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि थोरलीला हाक मारली.

थोरलीनं हात पुसत पुसत पाहिलं. "समोरचीच भिंत ना ही?"

"हो."

"मग आपलीच काढायची होती. तिला रंग तरी द्यायचा राहिलाय."

बायकोकडून मास्तरांची वेगळी अपेक्षा नव्हती. पण जगातल्या एखाद्या तरी भिंतीवर आपलं चित्र टांगलेलं असावं, येणाऱ्याजाणाऱ्यानं त्याच्यापुढं थांबावं, ही एक इच्छा त्यांच्या पोटात अपेंडिक्ससारखी होती. एरवी जाणवायची नाही, दुखली की मात्र वाकवायची. आता नोकरी संपली होती आणि ती वरचेवर दुखू लागली होती.

अशात कलामंडळानं प्रदर्शन भरवलं. कलामंडळाचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक होते. सगळे त्यांना वखारवाले म्हणत. फ्रेमचं लाकूड तेच पुरवत, म्हणून कलेतलं त्यांना कळतं असं धरून चाललं जाई. त्यांनी अशी टूम काढली की प्रत्येक चित्राखाली एक कविता लावायची, आणि त्यातली एक जोडी नव्या मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आपल्या प्रतीक्षागृहासाठी निवडणार. कायमची. खाली पितळी पाटीवर नाव.

पितळी पाटी ऐकून मास्तरांनी भिंत दिली. तिच्यावर कविता करायला साडू आपणहून पुढं आला. "घरचंच चित्र आहे," तो म्हणाला, जसं काही लग्नात वाढपी कमी पडलेत.

चित्राला काच लावलेली होती. जलरंगाला लावावीच लागते. दालनात समोरच्या बाजूला दुधी काचेचा एक गोल दिवा दांड्यानं टांगलेला होता. कविता वाचायला जिथं उभं राहावं लागे तिथून तो दिवा नेमका चित्राच्या काचेत पडे, भिंतीच्या माथ्यावर, उजव्या अंगाला. हे मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. आयुष्यभर काचेमागची चित्रं बघणाऱ्याला काचेवरचं प्रतिबिंब दिसेनासं होतं; चष्मेवाल्याला स्वतःची काडी दिसत नाही, तसं. साडू आला, नेहमीप्रमाणं फोटो मारला आणि चहाकडं वळला. दुसऱ्या दिवशी चित्राखाली त्याची कविता लागली; मास्तरांनी ती हट्टानं वाचली नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी कवितावाचन झालं. साडूनं माईक दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, आणि सुरू केलं:

"उभी तू भिंत होऊन, न बोलता, न हलता,
मी चंद्र होऊन आलो तुझ्या खांद्यावर कलता;
पापुद्रे सुटले तुझे, मी मोजले नाहीत गं,
उजेड सांडीत बसलो, रात्र सरता सरता."

टाळ्या पडल्या. मागं कुणीतरी 'वा' म्हणालं. धाकटीनं रुमाल काढला. मास्तर खुर्चीत अर्धे उठले. चंद्र? रात्र? भर दुपारच्या भिंतीवर? ह्या माणसानं कुणाचं चित्र बघून आणलं हे? पण तोवर डॉक्टरीणबाई स्टेजवर गेल्या होत्या आणि सांगत होत्या की प्रतीक्षागृहात बसलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं, कुणीतरी रात्रभर आपल्या उशाशी बसणारं. हीच जोडी त्यांनी निवडली.

मास्तर घरी येईपर्यंत चिडले होते आणि घरी आल्यावर निवळले. कविता गेली खड्ड्यात, त्यांनी मनाशी म्हटलं. लोक चार ओळी वाचतील, मग मान वर करतील आणि त्यांना दुपार दिसेल. कागद कागद असतो. दुसऱ्याच्या तोंडची रात्र त्याला थोडीच लागते.

तीनचार दिवसांनी वखारवाले चित्र काखेत मारून घरी आले. दवाखान्याच्या माहितीपुस्तिकेत छापायचं म्हणून ते फ्रेममधून काढलं होतं.

"मास्तर," ते बसायच्या आधीच म्हणाले, "चंद्र कुठाय?"

"कुठला चंद्र?"

"आता आपण काय लहान नाही."

"अहो, भर दुपार आहे ती!"

"कवितेत रात्र आहे."

"कवितेत हत्तीसुद्धा असेल! माझ्या चित्राचा काय संबंध?"

"पण आम्ही पाहिला ना." वखारवाल्यांनी अंगठा आणि बोट जुळवून वाटोळं करून दाखवलं. "एवढा. वरती, उजव्या अंगाला. मी पाहिला, बाईंनी पाहिला, सगळ्या दालनानं पाहिला. आणि आता काच काढून बघतो तर साफ. रात्रीतून कुठं गेला?"

स्वयंपाकघराच्या दारातून थोरली म्हणाली, "होता की. मीपण पाहिला."

मास्तरांनी तिच्याकडं अशी मान वळवली की मानेची शीर चढली. "हे चित्र महिनाभर ह्या टेबलावर होतं. तू त्याच्यावरची धूळ झटकलीस. तेव्हा होता चंद्र?"

"तेव्हा नव्हता. मला वाटलं, नंतर घातलात. शोभत होता."

आणि मग मास्तरांच्या डोक्यात तो दुधी काचेचा गोळा पेटला. त्यांनी समजावून सांगितलं: दिवा होता, काचेत पडत होता, तुम्ही सगळ्यांनी दिव्याला चंद्र समजलात. वखारवाले पोट धरून हसले.

"दिवा म्हणे! मास्तर, तुमच्या साडूला टाळ्या पडल्या, तुमच्या जिवाला लागलं, तुम्ही चंद्र खरवडला. होतं माणसाचं असं. सख्ख्या भावाभावांत होतं. पण आता परत घाला म्हणजे झालं."

"चला दालनात. आत्ता दाखवतो दिवा."

"तिथं आता पडद्याच्या कापडांचा सेल लागलाय. कशात बघणार, पडद्यात?"

वखारवाल्यांकडून कळल्यावर संध्याकाळी धाकटी आणि साडू आले. धाकटी उंबऱ्यातच रडायला लागली.

"दाजी, तुम्ही त्यांचा चंद्र पुसलात."

"अगं, जलरंगात पुसता येत नाही! पुसलं की कागद सोलवटतो, डाग उरतो. हे बघ. आहे कुठं डाग?"

धाकटीनं चित्र डोळ्यांजवळ धरलं. डाग नव्हता. ती आणखीच रडू लागली. "म्हणजे किती हुशारीनं पुसलात!"

मास्तरांनी साडूकडं पाहिलं. साडू कपातल्या चहाकडं बघत बसला होता, जसा काही त्यात चंद्र पडलाय.

"कविराज, तुम्हीच सांगा. होता का चंद्र?"

"मला दिसला, साडूभाऊ," साडू हळूच म्हणाला. "कवीनं दिसतं ते लिहावं." मग बायकोकडं वळून, "जाऊ दे गं. कलावंताचा मान असतो. त्यांना नसेल ठेवायचा चंद्र, तर आपण कोण?"

हा मोठेपणा मास्तरांच्या अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखा पडला. उद्धट माणसाला शिवी देता येते, क्षमा करणाऱ्याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी वखारवाल्यांनी निकाल सांगितला. डॉक्टरीणबाईंना कविता हवीच होती. कवितेत चंद्र आहे म्हटल्यावर वर चित्रातही तो पाहिजे. "पेशंट आधीच घाबरलेला असतो, मास्तर. त्याला आणि चंद्र शोधायला लावू नका. अहो, वाटीएवढा गोल. किती वेळ लागतो? आणि तुम्हाला जमत नसेल तर तळ्याच्या बाईंचं चित्र आहेच. त्यांच्यात चंद्र आयताच आहे. वर एक, पाण्यात एक. कविता तीच लागेल खाली."

"त्यात भिंत कुठंय?"

"तळ्याला भिंत असतेच की."

तळ्याच्या बाई! ह्या बाई गेली कित्येक वर्षं एकच तळं काढत. तळ्याकाठी एक झाड, झाडाखाली एक होडी, आणि होडीत कुणी नाही, कारण बाईंना माणसाचे हात काढता येत नसत. निळा रंग त्या किलोवर आणत असाव्यात, असं मास्तरांचं म्हणणं होतं. ते तळं आपल्या भिंतीवर? म्हणजे जी आपली व्हायची होती त्या भिंतीवर?

मास्तरांनी विचार केला आणि त्यांना एक तोड सुचली. भांडण चित्राशी नव्हतं, कवितेशी होतं. कविताच बदलली तर? ह्या चित्राची खरी कविता कुणीतरी लिहायला हवी, आणि चित्र ज्यानं काढलं त्याच्यापेक्षा ते कोण बरं लिहील? नळजोडणीवाल्याला जे जमतं ते आपल्याला न जमायला काय झालं? दुपारच्या जेवणानंतर ते चित्र समोर ठेवून, पेन्सिलीला टोक काढून बसले. अर्धा तास त्यांनी टोकच काढलं. मग लिहिलं:

"भिंत आहे. तिला चुना आहे.
पाइप आहे. तो वरून खाली येतो.
ऊन आहे.
सावली नाही."

आणि तिथं ते अडकले. चौथ्या ओळीनं घात केला होता. चित्रात सावली नव्हती म्हणजे नव्हती. बघणाऱ्याच्या मनातही ती येत नसे. पण कागदावर 'सावली नाही' लिहिलं की आधी सावली येऊन उभी राहायची आणि मग 'नाही' तिला हाकलायला धावायचं, आणि ती जायची नाही. त्यांनी ती ओळ खोडली. मग उन्हाचं काय करायचं? 'पांढरं' लिहिलं तर ते चुन्यासारखं दिसे, 'लख्ख' लिहिलं तर घासलेल्या पातेल्यासारखं. जे कागद मोकळा सोडून मिळालं होतं ते शब्द भरून मिळेना. सरळ कागद कोराच सोडावा, असंही क्षणभर वाटलं, पण कोऱ्या कागदाला डॉक्टरीणबाई कविता म्हणाल्या नसत्या.

त्यांनी थोरलीला वाचून दाखवलं.

"ही कविता आहे का पंचनामा?" थोरली म्हणाली.

"जे आहे ते लिहिलंय."

"आहे ते दिसतंच की हो समोर. मग लिहायचं कशाला? धाकटीच्या ह्यांची निदान तोंडात तरी बसते." आणि भांडी आवरता आवरता ती खरंच गुणगुणायला लागली, 'तुझ्या खांद्यावर कलता'. मास्तरांनी पंचनाम्याचा बोळा केला.

त्यांना वाटलं, नको. चित्र घरीच ठेवावं, टेबलावर, पाटी गेली तर गेली. हा विचार एक संपूर्ण संध्याकाळ टिकला. पण सकाळी दाढी करताना आरशात त्यांना आपल्या तोंडामागं ते तळं दिसायला लागलं. त्यातली रिकामी होडी. खाली पितळी पाटी, तिच्यावर बाईंचं नाव, आणि पेशंट म्हणतायत, वा, काय पाणी आहे. दुपारवर मास्तरांचं प्रेम होतंच, पण तळ्याबद्दलची त्यांची किळस त्याहून जुनी आणि मुरलेली होती. अर्धी दाढी तशीच ठेवून ते टेबलाशी आले.

मास्तरांची अक्कल मोठी. त्यांनी ठरवलं, चंद्र काढायचा नाही. खोटं काढायचं नाही. लोकांना जे दिसलं होतं तेच काढायचं: दिवा. दुधी काचेचा गोल, त्याची पितळी टोपी, वरचा दांडा. बघा म्हणावं, तुम्ही कशाला चंद्र म्हणालात ते. बाजारात जाऊन त्यांनी पांढऱ्या रंगाची ट्यूब आणली; दुकानदारानं "नातवाला का?" असं विचारलं तर "हो" म्हणाले.

पण फिक्या आभाळावर पांढरा दिवा दिसेना. दुपारच्या उजेडात चंद्र दिसत नाही तर दिवा कुठून दिसणार? तो उठून दिसावा म्हणून त्याच्या मागचं आभाळ जरा गडद करावं लागलं. आभाळ गडद झालं तर भिंत आभाळापुढं कापून ठेवल्यासारखी दिसायला लागली, म्हणून भिंतीच्या माथ्यावर एक करडा हात फिरवावा लागला. मग पाइपाला सावली नसणं चुकीचं दिसू लागलं. मास्तर अंगात आल्यासारखे काम करत होते. कुंचला धुवायला थांबले तेव्हा त्यांनी पाहिलं. संध्याकाळ झाली होती. खिडकीबाहेर समोरची भिंत टळटळीत दुपारी पांढरीफटक उभी होती, आणि टेबलावरच्या कागदावर संध्याकाळ झाली होती, मऊ, निळसर, कॅलेंडरावर असते तशी. दिवा मात्र फक्कड साधला होता.

वखारवाल्यांनी चित्र हातात घेतलं आणि म्हणाले, "आता कसं! हाच तो चंद्र. जिथल्या तिथं!" पितळी टोपी त्यांना दिसली नाही. दांडाही दिसला नाही. डॉक्टरीणबाईंना दिसला नाही. थोरलीला दिसला नाही. "बघा, शोभतो का नाही?" ती म्हणाली. धाकटीनं फोन करून दाजींना माफ केलं. मास्तर सगळ्यांची मजा बघत होते. एवढे बैल एका गोठ्यात त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते, आणि हे कुणाला सांगताही येत नव्हतं.

दवाखान्यात चित्र लागलं त्या दिवशी प्रतीक्षागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. खोकणारे, कण्हणारे, प्लास्टर घातलेले, सगळे श्रोते आयतेच होते. साडू इस्त्रीच्या कपड्यांत आला, चित्रापुढं उभा राहिला आणि चमत्कार झाला: त्यानं मोबाईल काढला नाही. तो बघत राहिला. मग मागं सरकून मास्तरांच्या कानाशी आला.

"साडूभाऊ, हा दिवा आहे."

एवढ्या लोकांत दिसला कुणाला, तर ह्याला! जो कधी बघत नाही त्याला!

"त्या दालनातला," साडू म्हणाला. "टोपीसकट. छान उतरलाय."

"आत्ता कळलं?"

"छे. फोटो घरी जाऊन मोठा केला ना, तेव्हाच दांडा दिसला होता. पण तोवर कविता झाली होती हो. झालेली कविता काय पाडायची?"

"धाकटी माझ्या उंबऱ्यात रडत होती, तेव्हा तुला माहीत होतं?" इतक्या वर्षांचं 'तुम्ही' मास्तरांच्या तोंडून निखळून पडलं होतं.

"माहीत होतं."

"आणि तू चहा पीत बसलास?"

"काय सांगू मग? दिव्याला टाळ्या पडल्या म्हणून? तुम्हाला कुणी काही विचारत नाही, दादा, म्हणून तुम्हाला खरं परवडतं. माझा तो एकच चंद्र लोकांना पाठ झालाय." साडूनं रुमालानं तोंड पुसलं. "अजून सांगतो, पाहिजे तर. माईक आहेच. पण मग लोक विचारतील, मास्तरांना माहीत होतं तर त्यांनी दिव्याला आभाळात का टांगलं?"

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. साडू गेला, माईक दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि चंद्र होऊन कलला. तीच कविता, तोच सूर, एका शब्दाचा फरक नाही. मास्तरांनी आजवर त्याला मूर्ख समजून त्याचा तिटकारा केला होता, आणि मूर्खाचा तिटकारा करण्यात एक आराम असतो. तो आराम गेला. हा माणूस मूर्ख नव्हता. त्याला दिसत होतं. दिसत असून तो चंद्र म्हणत होता, आणि मास्तर? त्यांनी तर रंगवलं होतं, पांढऱ्या ट्यूबनं, स्वतःच्या हातानं. प्लास्टरवाला गृहस्थ चित्राकडं बघून मान डोलावत होता. एका म्हाताऱ्या बाईनं हात जोडले.

टाळ्या संपल्यावर डॉक्टरीणबाई दोघांपुढं येऊन उभ्या राहिल्या. फारच सुरेख, त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यावरसुद्धा एक भिंत रिकामी आहे, बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर. तुम्ही दोघा साडूंनीच मिळून करावं. मास्तर, तुम्ही काय काढाल?

मास्तरांनी पितळी पाटीकडं पाहिलं. तिच्यावर त्यांचं नाव होतं, साडूच्या नावाखाली. ते आता काहीतरी जळजळीत बोलणार असं थोरलीला वाटलं आणि तिनं त्यांच्या कोपराला हात लावला. पण मास्तर साडूकडं वळले.

"कविता लिहून झालीय?"

"अजून कुठं," साडू म्हणाला. "चित्र बघितल्याशिवाय—"

"बघायचं काय त्यात?" मास्तर म्हणाले. "आधी लिहा. मग काय काय घालायचं ते मला सांगा."